जमीन होती, ती गेली कुठे?

परवडणाऱ्या घरांची चर्चा आपल्याकडे बांधकामाच्या खर्चापासून सुरू होते आणि अनुदानाच्या आकड्यापाशी थांबते. मुंबईच्या गेल्या पन्नास वर्षांकडे पाहिले तर अडचण वेगळीच दिसते. नफा न कमावता घरे बांधणाऱ्या संस्था होत्या, पैसे साठवणारे सभासदही होते. नव्हती ती जमीन. 1976 च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याने मुंबईत 500 चौरस मीटरची मर्यादा घातली आणि त्यावरची मोकळी जमीन सरकारकडे येईल असे ठरले. पण त्याच कायद्यातल्या कलम 20 आणि 21 ने सवलतीचा दरवाजाही उघडा ठेवला. दुर्बल घटकांसाठी घरे बांधू, असे सांगून अनेकांनी जमिनी सोडवून घेतल्या आणि पुढे ती अट कागदावरच राहिली. याच कायद्याचा हेतू खरा करून दाखवला तो गोरेगावच्या नागरी निवारा परिषदेने. मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिंडोशीतल्या अतिरिक्त जमिनीसाठी वर्षानुवर्षे झगडा केला आणि तिथे सामान्य नोकरदारांची हजारो घरे उभी राहिली. बाजारभावाने ती जमीन घ्यायची असती, तर एकही इमारत झाली नसती.

कायदा भ्रष्ट झाला होता, जमिनी अडकल्या आणि म्हणून भाव चढले, हा आक्षेप जुना आहे; त्यात तथ्यही आहे. परंतु 2007 च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राने कायदा रद्द केल्यावर मुंबईतली घरे स्वस्त झाली नाहीत. औषध कडू होते म्हणून बाटली फोडली, एवढेच झाले. गिरण्यांच्या जमिनींचेही तेच. 1991 च्या विकास नियंत्रण नियमात या जमिनींमध्ये पालिका, म्हाडा आणि मालक यांना साधारण एकेक तृतीयांश वाटा होता. 2001 च्या बदलाने ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. सरकारी मालकीच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानेही 2005 मध्ये आपल्या गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकल्या. एकट्या कोहिनूर गिरणीला 421 कोटी रुपये आले. अशा लिलावात कुठली बिगर-नफा संस्था बोली लावणार?

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. सरकारी जमीन सहकारी संस्थांना दिली की ती अधिकारी आणि पुढाऱ्यांच्या घशात जाते. मुंबईतल्या 'आदर्श' सोसायटीच्या घोटाळ्याचे उदाहरण तयारच असते. पण तो दोष सभासद निवडण्याच्या पद्धतीचा आहे. उत्पन्नाची मर्यादा, जाहीर यादी, मालकीऐवजी भाडेपट्टा आणि घर विकायचे झाल्यास ते संस्थेलाच परत, एवढ्या अटी आधी घातल्या तर ती वाट बरीच अरुंद होते. सोलापुरात नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगारांनी सहकारी संस्थेमार्फत शहराबाहेर कुंभारीला 10 हजार घरांची वसाहत उभारली, ती 2006 मध्ये पूर्ण झाली. पुढे रे नगरची 30 हजार घरांची योजना आली. संघटित कष्टकऱ्यांना घरे उभी करता येतात याचा याहून मोठा पुरावा नको. मात्र जमीन शहराबाहेर मिळाली की कामाच्या जागेपर्यंतचा रोजचा प्रवास कामगारांच्याच माथी येतो, हेही विसरू नये.

मुंबईत आता जमीनच उरली नाही, हे उत्तर पटणारे नाही. धारावीच्या पुनर्विकासासाठी 2024 मध्ये सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन काढता आली. (मिठागरांवर बांधावे की नाही, हा वाद निराळा.) ज्या कंपनीसाठी ती काढली, तिच्यात 80 टक्के हिस्सा खासगी समूहाचा आहे.