पश्चिम आफ्रिकेचे ताट आणि वऱ्हाडची बरबटी

ज्वारी आणि बाजरी ही दोन्ही धान्ये मूळची आफ्रिकेची. बाजरी तर सहाराच्या दक्षिण काठावर, आजच्या माली देशाच्या बाजूला, चार हजार वर्षांहून अधिक काळ पिकते आहे. चवळी, म्हणजे आपली बरबटी, तीही तिकडचीच. शेंगदाणा, मका आणि मिरची मात्र अमेरिकेतून तिकडेही गेली आणि इकडेही आली. त्यामुळे अकोल्याचा माणूस पश्चिम आफ्रिकी हॉटेलात जेवायला बसला तर त्याला अनोळखी जिन्नस फार थोडे भेटतात. अनोळखी असते ती करणी. खाद्यपदार्थांच्या धंद्यातील आपल्या बांधवांनी ही करणी पाहून घ्यावी, असे आम्हाला वाटते.

आपल्या लोकांचा आफ्रिकेशी जुना संबंध आहे, पण तो पूर्वेकडचा. हबशी सरदार त्या बाजूने आले. मेमन, बोहरा, खोजा व्यापारी मोंबासा आणि झांजिबारला गेले. नायजेरिया, घाना, सेनेगल, माली हा पश्चिमेचा पट्टा आपल्याला तितका परिचित नाही. तिकडचे जेवण चाखायचे तर मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. माल भरायला मुंबईला जाणाऱ्या व्यापाऱ्याला हे अवघड नाही. पश्चिम रेल्वेच्या लोकलने मीरा रोड, नायगाव, नालासोपाऱ्याकडे जावे. त्या भागात नायजेरियन व इतर आफ्रिकी लोकांची वस्ती आहे. दिल्लीत खिडकी एक्स्टेन्शनचे नाव त्यासाठी घेतले जाते. झगमगीत हॉटेलाची अपेक्षा ठेवू नये. अशी खानावळ बऱ्याचदा घरगुती असते आणि पाटीपेक्षा ओळखीवर चालते.

पहिला प्रश्न हलालचा. सेनेगल, माली, नायजर, गिनी आणि गांबिया या देशांत मुसलमानांची मोठी बहुसंख्या आहे, पण नायजेरियाच्या दक्षिण भागात आणि घानात ख्रिस्ती लोक अधिक. म्हणून नुसत्या ‘आफ्रिकन’ या शब्दावर न जाता मटण कोणत्या दुकानाचे, हे सरळ विचारावे; विचारण्यात गैर काही नाही. दुसरे, दक्षिण नायजेरियातील बहुतेक रश्शांत सुका जवळा कुटून घालतात. झिंग्याबाबत हनफी उलेमांत मतभेद आहेत, तेव्हा ज्याला वर्ज्य असेल त्याने आधीच सांगावे. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी असल्याने तिकडे जे पदार्थ बैलाच्या मांसाचे होतात ते येथे बकऱ्याचे, कोंबडीचे किंवा म्हशी-रेड्याचे करावे लागतात.

कुरेशी बांधवांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नायजेरियन गिऱ्हाईक बकरा सोलून मागत नाही. केस जाळून, कातडीसकट मांस शिजवण्याची त्यांची रीत आहे. वजडी, मुंडी, पाये यांनाही तिकडे मान आहे. मिरीच्या झणझणीत रश्शात ते शिजवतात. आपल्याकडे हा माल स्वस्तात उचलला जातो.

आता ताटाकडे वळू. भातासारखे किंवा पिठासारखे काही तरी घट्ट आणि सोबत रस्सा, असा साधा मांड असतो. उत्तर नायजेरियाच्या हौसा लोकांचा ‘तुवो’ ज्वारीचा किंवा तांदळाचा असतो. ज्वारीच्या कण्या किंवा घट्ट घाटा आपल्याकडे ज्याने खाल्ला आहे त्याला तो नवा नाही. दक्षिणेकडचा ‘फुफू’ सुरण-रताळ्याच्या जातीच्या कंदांचा किंवा कसाव्याचा. कसावा म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद. उजव्या हाताने गोळा तोडायचा, अंगठ्याने खळगा करायचा, रश्शात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. भाकर चावून खाणाऱ्याला हे पहिल्यांदा जमत नाही. चवीला तो फिका असतो, सगळी मजा रश्शाची. ‘एगुसी’ नावाचा रस्सा कलिंगडाच्या कुळातील बिया वाटून करतात. आपल्या किराणा दुकानातला मगज त्याच घरचा. तेल मात्र लाल, न शुद्ध केलेले पाम तेल. पामोलिन ज्या झाडाचे, त्याच झाडाचे ते तेल. पण त्याचा वास आणि रंग काढलेला नसतो आणि तो सर्वांना मानवेल असे नाही.

‘जोलोफ’ भाताचे नाव फार झाले आहे. टोमॅटो, कांदा आणि तिखट मिरचीच्या वाटणात शिजवलेला हा लाल भात पुलावाच्या जवळचा. नायजेरियात त्याला उकडा तांदूळ लागतो. सेनेगलचा मासे घातलेला भात युनेस्कोने २०२१ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. तो कणीचा करतात. आपल्याकडे स्वस्त म्हणून बाजूला पडणारी कणी तिकडे पहिल्या पसंतीची. हे ऐकून कोणी लगेच तांदळाच्या निर्यातीत उडी घेऊ नये. भारताचा बिगर-बासमती तांदूळ बेनिनसारख्या देशांत फार मोठ्या प्रमाणावर जातो हे खरे, पण सप्टेंबर २०२२ मध्ये कणीची निर्यात बंद झाली, जुलै २०२३ मध्ये पांढऱ्या तांदळाची, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये उकड्यावर २० टक्के शुल्क बसले. पांढरा आणि उकडा २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोकळे झाले, कणी मार्च २०२५ मध्ये. इतके दिवस भांडवल अडकवून बसणे लहान व्यापाऱ्याचे काम नव्हे.

लहान माणसाचा फायदा दुसरीकडे आहे, आणि तो हौसा मुसलमानांच्या बाजारात दिसतो. त्यांचा ‘सुया’ हा सीखेवरचा पदार्थ पाहा. मांसाच्या पातळ पट्ट्या लाकडी काड्यांत ओवतात, मसाल्यात घोळवतात आणि उघड्या विस्तवाभोवती उभ्या लावून भाजतात. वर कच्चा कांदा, टोमॅटो आणि पुन्हा कोरडा मसाला. या मसाल्यात सुंठ, लाल मिरची आणि मीठ असतेच, पण त्याचा जीव आहे ‘कुली-कुली’. शेंगदाणे वाटून त्यातले तेल पिळून घेतात, उरलेल्या चोथ्याच्या कड्या वळून त्याच तेलात तळतात, ती कुली-कुली. हे काम बायका घरी करतात. तेल विकले जाते आणि चोथाही विकला जातो. आपल्याकडे पेंड ढोरांपुढे जाते. अर्थात आपल्या घाण्यावरची पेंड उचलून सीखेवर टाकू नये. ती खाण्यासाठी म्हणून काढलेली नसते आणि खराब दाण्यांची बुरशी विषारी असते. चांगले निवडलेले, भाजलेले दाणे घरी वाटून तेल पिळावे. अकोला-अमरावतीत संध्याकाळी सीख लावणाऱ्याला शेगडी तीच, काड्या त्याच, नवा फक्त मसाला. तिकडे सुया बऱ्याचदा वर्तमानपत्रात बांधून देतात. ती रीत मात्र घेऊ नये, छपाईची शाई अन्नात उतरते.

दुसरा पदार्थ ‘कोसाई’, ज्याला दक्षिणेत ‘अकारा’ म्हणतात. बरबटी भिजवून, सालपट काढून, कांदा-मिरचीबरोबर वाटायची आणि तळायची. म्हणजे आपले बरबटीचे वडेच! फरक इतकाच की तिकडे वाटण हाताने खूप फेटतात, सोडा घालत नाहीत, आणि वडा आतून कापसासारखा होतो. रमजानमध्ये उत्तर नायजेरियात इफ्तारला कोसाई आणि बाजरीची आंबवलेली, सुंठ घातलेली पातळ पेज घेतात. आपले आंबील तिच्या जवळचेच. इफ्तारच्या बाजारात बेसनाची भजी विकणाऱ्यांच्या रांगेत बरबटीचा फेटलेला वडा ठेवून पाहायला दोन किलो माल पुरे. न खपला तर घरी खाल्ला जाईल.

तिसरे अंबाडीचे सरबत. सेनेगलमध्ये त्याला ‘बिसाप’ आणि उत्तर नायजेरियात ‘झोबो’ म्हणतात. लाल अंबाडीच्या बोंडांच्या पाकळ्या वाळवून पाण्यात उकळायच्या, आले आणि लवंग टाकायची, गाळून साखर घालायची, थंड करायचे. रंग रूह-अफजाला लाजवील असा, आणि चव आंबट. आपण अंबाडीचा पाला भाजीला खातो. बोंडांचे सरबत गावोगाव काही बायका करतातही, पण इफ्तारच्या गाड्यावर ते क्वचितच दिसते. दोराची अंबाडी यासाठी चालत नाही, तिची बोंडे सुकी असतात. मांसल, लाल बोंडांची जात हवी. ती आंबट असल्याने ॲल्युमिनियमच्या पातेल्यात उकळू नये, स्टीलचे घ्यावे किंवा पितळेला ताजी कल्हई करून घ्यावी. बोंडे दिवाळीच्या पुढेमागे येतात; धुऱ्यावर अंबाडी लावणाऱ्या शेतकऱ्याला आधीच सांगून ठेवले आणि तेव्हाच सावलीत वाळवून कोरड्या डब्यात भरली, तर रमजानपर्यंत चांगली टिकतात.