खोलीचे सूत्र : इंदूरच्या माणिकबागेच्या निमित्ताने

घराची वास्तू बांधणे आणि घराचे अंतरंग रचणे ही दोन भिन्न कार्ये आहेत, ही गोष्ट आपल्याकडे अद्याप पुरेशी ध्यानात आलेली दिसत नाही. भिंती उभ्या राहिल्या, छत पडले, रंग लागला, की घर पूर्ण झाले असे आपण समजतो. आणि मग उरलेल्या पैशांत व उरलेल्या उत्साहात जे आवडेल ते आणून खोल्या भरतो. या भरण्यालाच आपण सजावट म्हणतो. परंतु ज्या विद्येला आता ‘अंतर्रचना’ हे नाव मिळाले आहे, तिचा आरंभ वस्तूंपासून होत नाही. तो एका कल्पनेपासून होतो. ही खोली कोणासाठी आहे? येथे काय घडावयाचे आहे? ते घडण्यास मनाची कोणती अवस्था अनुकूल? या तीन प्रश्नांचे जे एक उत्तर, ते त्या खोलीचे सूत्र होय. प्रकाश, रंग, आसने, मोकळी जागा हे सर्व त्या सूत्राचे भाष्य. निबंधात मध्यवर्ती विचार नसेल तर सुभाषितांची कितीही पेरणी केली तरी तो निबंध होत नाही, हे आपण विद्यार्थ्यांस नित्य सांगतो. खोलीचेही तसेच आहे.

हा भेद समजून घेण्यास इंदूर शहरासारखे दुसरे स्थळ क्वचितच सापडेल. एकाच होळकर घराण्याच्या दोन वास्तू तेथे आहेत. दोहोंच्या सिद्धतेत अवघे बारा वर्षांचे अंतर. परंतु दृष्टीत जणू एका शतकाचे. पहिला लालबाग राजवाडा. त्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि १९२१ मध्ये पुरे झाले. तेथे इटालियन संगमरवर आहे, भव्य झुंबरे आहेत, चित्रांनी नटलेली छते आहेत, रंगीत काचा आहेत. युरोपातील निरनिराळ्या काळांतील वैभवाचे नमुने तेथे एकत्र नांदतात. लालबागेला सूत्र नाही असे मात्र म्हणता येणार नाही. संस्थानाचा दर्जा साम्राज्याच्या डोळ्यांत भरावा, हे तिचे सूत्र. पण ते पाहुण्याकडे तोंड करून उभे आहे; राहणाऱ्या माणसाच्या दिनक्रमातून उगवलेले नाही.

दुसरी वास्तू माणिकबाग. तिची रचना १९३० ते १९३३ या काळात झाली. यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा जन्म १९०८ चा, शिक्षण ऑक्सफर्डला. तेथेच त्यांची एकार्ट मुथेसियुस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी ओळख झाली. काम सुरू झाले तेव्हा यजमान बावीस वर्षांचे आणि वास्तुविशारद सव्विसाचा होता. या दोघांच्या बरोबरीने महाराणी संयोगिताबाईंचेही नाव घेतले पाहिजे. कागलच्या घाटगे घराण्यातील ही कन्या नव्या कलेच्या आवडीत पतीच्या मागे नव्हती. मुथेसियुसला हा विचार वारशाने मिळाला होता. त्याचे वडील हरमान मुथेसियुस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांच्या घरांवर मोठा ग्रंथ लिहिला होता, आणि कलावंत व कारखानदार यांना एकत्र आणणारी ‘वेर्कबुंड’ ही जर्मन संस्था १९०७ मध्ये स्थापन झाली तिच्या प्रवर्तकांत ते अग्रगण्य होते. घराचे रूप त्यातील जीवनावरून ठरावे, दर्शनी भागावरून नव्हे, हा त्या पिढीचा आग्रह मुलाने इंदूरच्या उन्हात आणून उतरविला.

माणिकबागेचे सूत्र आमच्या शब्दांत सांगावयाचे तर असे होईल : आधुनिक माणसाने उष्ण देशात शांतपणे, प्रकाशात आणि अडगळीविना राहावे. या एका वाक्याचा विस्तार प्रत्येक दालनात कसा होतो हे पाहणे उद्बोधक आहे. ग्रंथालयाचेच उदाहरण घेऊ. सर्वसाधारणपणे ग्रंथालय म्हटले की आपण कपाटांचा विचार करतो. मुथेसियुसने वाचणाऱ्याचा विचार केला. त्याने तेथे तांबड्या आवरणाच्या भारदस्त आरामखुर्च्या योजल्या आणि त्यांच्या पाठीतच मस्तकाशेजारी दिवे बसविले. वाचणारा बसला की प्रकाश आपोआप त्याच्या खांद्यावरून पुस्तकावर यावा. दिवा शोधण्यासाठी उठावे लागू नये. खुर्ची आणि दिवा या येथे दोन वस्तू राहिल्या नाहीत. वाचन या एका क्रियेची ती दोन अंगे झाली. वस्तूची निवड क्रियेवरून करणे ते हेच.

शयनगृहांत लुई सोन्यो आणि शार्लोत अलिक्स यांनी रचलेले धातूचे व काचेचे पलंग आले. कोरीव लाकडाचा भार गेला आणि चकचकीत, सहज पुसता येणारे पृष्ठभाग आले. आरोग्य व हलकेपणा ही त्या काळाची नवी मूल्ये त्यांत दिसतात. आयलीन ग्रे हिची ‘ट्रान्सॅट’ खुर्ची अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांच्या डेकवरील खुर्चीवरून सुचलेली. प्रवासातला निवांतपणा तिने घरात आणला. ल कॉर्ब्युझिए, पिएर जानेरे आणि शार्लोत पेरियां यांची पहुडण्याची आरामखुर्ची येथे बिबट्याचे कातडे पांघरून आली. महाराजांच्या कार्यालयासाठी रुलमानने लाकडाचे उंची मेज केले. इव्हान दा सिल्व्हा ब्रून्सचे गालिचे भौमितिक आकृत्यांचे होते. वेलबुट्टीचा पसारा नसल्यामुळे जमीन शांत राहते आणि वर मांडलेल्या आसनाचा आकार उठून दिसतो. हवा थंड राखण्याची यांत्रिक योजनाही होती. एवढ्या भिन्न हातांची कामे एकत्र येऊनही त्यांचे प्रदर्शन झाले नाही, याचे कारण निवडणारे सूत्र एक होते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हे सारे परदेशी; बर्लिन व पॅरिस येथून आणविलेले. यात आमचे काय? आमचे उत्तर असे की वस्तू परकीय असल्या तरी तत्त्व परकीय नाही. आपला जुना वाडा घ्या. ओसरी ही आल्यागेल्यासाठी, माजघर घरच्यांसाठी, देवघर शांत कोपऱ्यात. बैठकीच्या खिडक्या बहुधा खाली असत, कारण माणूस जमिनीवर गादी-लोडाशी बसे आणि वारा व उजेड त्याच उंचीला हवा असे. भिंतीतील कोनाडा दिव्यासाठी, फडताळ भांड्यांसाठी. म्हणजे भिंतच सामान सांभाळी आणि जमीन मोकळी राही. त्याच जमिनीवर सकाळी पाट मांडून पंगत बसे, दुपारी निवडण-टिपण होई आणि रात्री अंथरुणे पडत. हा मोकळेपणा दारिद्र्यातून आलेला नव्हता. एका जागेने अनेक कामे करावीत हे त्याचे सूत्र होते. ज्याने वाड्यात खिडकी खाली ठेवली आणि ज्याने माणिकबागेत खुर्चीला दिवा जोडला, त्या दोघांनी प्रश्न एकच विचारला होता : येथे बसणाऱ्याला काय हवे?

भेद आहे तो वेगळाच. वाड्याचे सूत्र समाजाचे होते. पिढ्यान्‌पिढ्या ते कोणी कागदावर न लिहिता चालत आले. माणिकबागेचे सूत्र दोघातिघांच्या मनातले होते, म्हणून ते अधिक रेखीव झाले आणि म्हणूनच अधिक अल्पायुषी ठरले. १९३७ मध्ये संयोगिताबाई अकाली निवर्तल्या. पत्नीच्या निधनानंतर यशवंतरावांनी शिल्पकार ब्रांकुसीला इंदुरास बोलाविले. त्याचे ‘अवकाशातील पक्षी’ या मालिकेतील तीन पक्षी महाराजांनी घेतले होते; त्यांच्यासाठी एक ध्यानमंदिर उभारावयाचे होते. कल्पनेतून निघालेली ती सर्वांत शुद्ध वास्तू ठरली असती. पण ती बांधली गेली नाही. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९६१ मध्ये यशवंतराव गेले, आणि १९८० मध्ये माणिकबागेतील सामानाचा मोनाको येथे लिलाव झाला. इमारतीत केंद्र सरकारच्या करखात्याचे कार्यालय आले.

या घटनेचा अर्थ आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कार्यालय आले यात गैर काही नाही. रिकाम्या वास्तूपेक्षा वापरातील वास्तू केव्हाही बरी. सामान नष्टही झाले नाही. उलट त्यांतील एकेक वस्तू आज जगभरच्या संग्रहांत मानाने राहते; संगमरवरी पक्ष्यांची जोडी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनात आहे. २०१९ मध्ये पॅरिसच्या शोभनकला-संग्रहालयाने या महाराजांवर मोठे प्रदर्शनही भरविले. मग हरवले काय? हरवले ते वस्तूंमधील नाते. ती तांबडी खुर्ची संग्रहालयात उत्तम आसन म्हणून शाबूत आहे. परंतु तिच्यात बसून आता कोणी वाचत नाही. वाक्यातील शब्द सुटे करून कोशात जपले, तरी वाक्य हरपते. तसेच हे झाले. आणि ते वाक्य आपण आज थोडेफार वाचू शकतो, ते मुथेसियुसच्या काळची छायाचित्रे व आराखडे उरले म्हणून.

ही दृष्टी राजवाड्यांपुरती नाही. कापडाच्या जुन्या दुकानात पांढरी चादर घातलेली गादी असे. गिऱ्हाईक बसे, दुकानदार लुगडे त्याच्यापुढे उलगडी, आणि घाई कोणालाच नसे. निवांत पारखणे हे त्या दुकानाचे सूत्र. तेथे उंच काउंटर आणला की गिऱ्हाईक उभे राहते, आणि उभे राहिलेले माणूस लवकर निघते. त्वरेने विक्री हवी असेल तर काउंटर योग्य. पण तो विचार करून आणावा, शेजाऱ्याने आणला म्हणून नव्हे. पेढीवरील गादी-तक्क्या आणि उतरते मेज मालकाची नजर सर्वत्र राहावी म्हणून. आजच्या कार्यालयात काचेची भिंत तेच काम करते. खानावळीत परक्या गावी आलेल्याला घरची पंगत आठवावी, की त्याने जेवून चटकन जागा मोकळी करावी, हे चालकाने आधी ठरवावे. बाकांची लांबी, दिव्यांचा उजेड आणि पाण्याच्या माठाची जागा मागाहून आपोआप ठरतील.

आपल्या शाळा व वाचनालयेही या प्रश्नापासून सुटत नाहीत. अनुदान आले की आपण प्रथम कपाटे घेतो, मग भिंतीवर तसबिरी लावतो, आणि वाचकासाठी उरते ते पंख्याखालचे एक डुगडुगते बाक. सूत्र येथे ‘पुस्तके सांभाळणे’ एवढेच ठरते, आणि खोली ते इमानाने पाळते : पुस्तके सुरक्षित राहतात, वाचक येत नाही. खिडकीजवळची जागा कपाटाला न देता वाचकाला द्यावी, लहान मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर त्यांची पुस्तके असावीत, उजेड मागून व वरून यावा. यास फार पैसा लागत नाही, विचार लागतो.

शेवटी एक विनंती. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील जुनी मराठी घरे वेगाने मोकळी होत आहेत. झोपाळे, फडताळे, देव्हारे भंगारात किंवा बाजारात जात आहेत. सर्व जतन करणे आपल्या हाती नाही. परंतु एखादे घर मोडण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घेणे, कोणती वस्तू कोठे होती व तेथेच का होती हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवणे, हे शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले काम आहे. झोपाळा कोणाच्याही घरी टिकेल. तो ओसरीवर नेमका कोठे होता आणि तेथून कोण दिसे, हे मात्र सांगणारे माणूस गेले की कायमचे जाईल. वस्तू विकत घेता येते, सूत्र विकत मिळत नाही. ते वेळीच लिहून ठेवावे लागते.