चिवटपणा एकट्याचा नसतो

कॅलिफोर्नियातील हेवर्ड शहरात शाबो कॉलेज आहे. तिथले समुपदेशक फेलिक्स गॅलाविझ आणि इंग्रजीच्या प्राध्यापिका पॅट्रिशिया मॅकग्रा यांनी दोन हजारांहून अधिक लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी तपासल्या. तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. मुलं समुपदेशकाकडे फिरकत नव्हती, लेखनाचे कॉलेज पातळीचे वर्ग टाळत होती आणि बहुतेक जण घरातून कॉलेजात आलेले पहिलेच होते. त्यातून १९८१मध्ये ‘पुएंते’ हा प्रकल्प उभा राहिला. लॅटिनो साहित्याच्या आधारे लेखनाचा वर्ग, सोबत समुपदेशक आणि त्याच समाजातला एखादा नोकरदार मार्गदर्शक, अशी त्याची रचना होती.

अडचणी असूनही शिक्षणात टिकून राहण्याला संशोधक ‘शैक्षणिक चिवटपणा’ म्हणतात. तो स्वभावातच असतो, असा आपला समज असतो. मात्र मुलांची कामगिरी परिस्थितीनुसार कमी-जास्त होते, हे २०१२मध्ये संशोधक निकोल स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी प्रयोगातून दाखवलं. विद्यार्थ्यांना विद्यापीठाचं स्वागतपत्र वाचायला दिलं. एका पत्रात ‘स्वतःची वाट स्वतः शोधा’ हा सूर होता, दुसऱ्यात ‘सगळ्यांबरोबर शिका’ हा. मग शब्दकोडी सोडवायला दिली. पहिल्या पत्रानंतर, आई-वडील पदवीधर नसलेली मुलं इतरांच्या मागे पडली. दुसऱ्या पत्रानंतर हा फरक उरला नाही. हा प्रयोग केवळ लॅटिनो मुलांवर झालेला नव्हता, पण त्यांच्यातल्या अनेकांची स्थिती नेमकी हीच असते. घरी ‘आपण सगळे’ हा संस्कार आणि विद्यापीठात ‘मी’ची भाषा!

ही मुलं रिकाम्या हातांनीही येत नाहीत. दवाखान्यात डॉक्टर इंग्रजीत बोलतात, आई स्पॅनिशमध्ये विचारते आणि मधे दहा-बारा वर्षांचं पोर दुभाष्याचं काम करतं. ऐकणाऱ्याची नस ओळखून शब्द निवडायला ते तिथेच शिकतं. संशोधक टारा योसो यांनी २००५मध्ये अशा कौशल्यांना समाजाचं सांस्कृतिक धन म्हटलं. त्यात भाषेबरोबर कुटुंबाचा आधार, मोठं होण्याची आस आणि अन्यायाशी झुंजण्याची ताकदही येते.

तरीही ‘मला जमेल का?’ ही धाकधूक असतेच. संशोधक लॉरा रेंडन यांनी १९९४मध्ये मांडलं, की अशा वेळी पहिलं पाऊल संस्थेनं उचलावं. प्राध्यापकानं विद्यार्थ्याला नावानं हाक मारावी, त्याच्या अनुभवाला वर्गात जागा द्यावी. ज्याला मदत मागायचाच संकोच वाटतो, त्याला कार्यालयाचा दरवाजा नुसता उघडा ठेवून काय उपयोग? शाबो कॉलेजानं ‘पुएंते’त समुपदेशक थेट वर्गाशी जोडला. मुलांच्या जिद्दीचं कौतुक जरूर करावं, पण तिच्यावर सगळा भार टाकून संस्थांनी मोकळं होऊ नये.