खाडीकाठच्या चिकणमातीचे चुन्याद्वारे स्थिरीकरण : वसई-विरार परिसराच्या संदर्भात

वसई-विरारच्या खाजण व मिठागरांच्या जमिनीत मऊ, खारट चिकणमाती आढळते. तीत चुना मिसळल्यास कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, कण गुठळतात व चिकटपणा लवकर घटतो. पुढे सामू सुमारे १२.४ झाल्यावर सिलिका व ॲल्युमिना विरघळून चुन्याशी संयोग पावतात. त्यातून सिमेंटसदृश बंधक द्रव्ये तयार होतात. ही क्रिया अनेक महिने चालते. मात्र खाऱ्या मातीतील सल्फेटमुळे एट्रिंजाइट हे फुगणारे खनिज निर्माण होऊन रस्ता उचलला जाऊ शकतो. सेंद्रिय द्रव्येही बळकटीस बाधक ठरतात. शिवाय वरचा थर कठीण केल्याने खालच्या जाड थराचे खचणे थांबत नाही. म्हणून ईड्स व ग्रिम यांच्या १९६६ च्या सामू-चाचणीने चुन्याचे प्रमाण ठरवितानाच सल्फेट व सेंद्रिय द्रव्यांची तपासणी अपरिहार्य ठरते.