पायथ्याशी कोण जातो?

मातीचे धरण पाझरतेच. मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण, पाण्याकडच्या उतारावर दगडी पिचिंग; अशा भरावातून थोडे पाणी झिरपून पायथ्याच्या नालीत येणार, हे बांधतानाच धरलेले असते. ते नितळ असेल तोवर काळजी नाही. गढूळ झाले, की भरावाची माती त्याच्याबरोबर निघाली आणि आत पोकळी वाढू लागली, असे समजावे. पेलाभर पाणी उजेडात धरले तरी हे कळते. पण त्यासाठी पायथ्याशी रोज कोणीतरी गेले पाहिजे. लहान धरणाचा जीव या फेरीत आहे.

चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, किमान १९ माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर मंत्र्यांनी कारण सांगितले ते खेकड्यांचे. बिळांनी भराव कमजोर होतो, हे खरेच आहे; झाडांच्या मुळ्यांनीही होतो. पण बीळ दिसते, बुजवता येते. खेकड्यांचे कारण मान्य केले, तरी प्रश्न देखभालीपाशीच येऊन थांबतो.

वीजही घेतली जाते तिथे आणखी एक नाजूक जागा असते. टर्बाइनकडे जाणारा नळ भरावाच्या पोटातून नेला असेल आणि त्याच्या कडेची माती नीट दाबलेली नसेल, तर पाणी नळालगतच वाट काढते. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटले, तेव्हा घात झाला तो अर्धवट राहिलेल्या विमोचकापाशी, म्हणजे भरावाखालून पाणी सोडणाऱ्या वाटेपाशी. त्यातून पाणी उसळत गेले आणि वरचा भराव खचत गेला.

इतकी वर्षे टिकले ते यापुढेही टिकेल, असे म्हणणारे भेटतात. पण मातीच्या धरणाला माथ्यावरून गेलेले पाणी सोसत नाही, आणि जुना सांडवा जुन्या पुराच्या हिशेबाने बांधलेला असतो. प्रत्येक तळ्यावर माणूस ठेवणे परवडत नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरी एक चौकीदार पाच धरणे फिरू शकतो. वाहून गेलेली वाडी परत वसवण्यापेक्षा त्याचा पगार स्वस्तच. कायद्याचा आधारही सगळ्या धरणांना नाही: २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरहून उंच धरणे येतात, १० ते १५ मीटरमधली काही ठरावीक येतात. त्याहून लहान धरणे बाहेरच राहिली आहेत.

तुमच्या गावाच्या वर असे धरण असेल, तर या पावसाळ्यात पायथ्याचे पाणी पाहा. गढूळ दिसले, तर तारीख घालून लेखी कळवा आणि पोच घ्या.