एकखांबी घरें

घरांत आजी-आजोबा, काका-काकू, आत्या अशीं माणसें असलीं, म्हणजे एखाद्या लेंकरास ताप आला तरी संसाराचा गाडा अडत नाहीं. एक जण डॉक्टरांकडे धांवतो, दुसरी उशाशीं बसते, तिसरी चूल सांभाळते. परंतु ज्या घरांत मिळविणारें, रांधणारें आणि उशाशीं बसणारें माणूस एकच, तेथें मुलास ताप आला कीं त्या दिवसाची मजुरी बुडते. आणि आईच अंथरुणास खिळली, तर चूलहि विझते. अशा एकखांबी घरांतील मुलांचा विचार नंदुरबार जिल्ह्याच्या निमित्तानें करावासा वाटतो.

१९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा सातपुड्याच्या कुशींतील जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणें येथील दर १०० माणसांपैकीं सुमारें ६९ आदिवासी. दिवाळी सरली कीं कित्येक कुटुंबें ऊसतोडीसाठीं गुजराथेंत उतरतात. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत येथील पांच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलें वयाच्या मानानें कमी वजनाचीं आढळलीं. त्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. तो असलेल्या मुलास वारंवार दवाखान्यांत न्यावें लागतें. दोघे पालक असतांनाहि जें जड जातें, तें एकटीनें कसें पेलावें?

या जिल्ह्याच्या अलीकडील इतिहासांत एका पितृहीन मुलाची हकीकत आहे. डॉ. राजेंद्र भारूड यांचा जन्म १९८८ चा, साक्री तालुक्यांतील सामोडे गांवीं, एका भिल्ल कुटुंबांतला. वडील त्यांच्या जन्मापूर्वींच वारले. आई आणि आजी उंसाच्या पाचटाच्या झोपडींत राहून मोहाची दारू विकीत व त्यावर मुलें पोशीत. तान्हें मूल रडूं लागलें कीं त्याच्या तोंडीं दारूचेच थेंब घालून त्यास गप्प करीत, असें त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. हें वाचून त्या माउलीस दोष देण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. मूल कडेवर घ्यावयास दुसरे हात मोकळे नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

पुढें गांवच्या शिक्षकांनीं मुलाची बुद्धि ओळखली आणि आईनें मन घट्ट करून त्यास अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयांत धाडलें. तेथें जेवण, राहणें व शिक्षण यांची सोय होती. मुंबईस वैद्यकीय शिक्षण घेऊन ते २०१३ सालीं प्रशासकीय सेवेंत आले व २०१९ मध्यें नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. कोरोनाच्या पहिल्या लाटेनंतर, सप्टेंबर २०२० मध्येंच, त्यांनीं जिल्हा रुग्णालयांत प्राणवायु निर्माण करणारें यंत्र बसविलें. पुढें आणखी बसविलीं. त्यामुळें १९२१ नव्हे, तर आपल्याच डोळ्यांदेखत २०२१ सालीं देशभर प्राणवायूसाठीं आकांत चालला असतां या दुर्गम जिल्ह्यास तो घरचाच मिळाला.

या हकीकतींतून ‘गरिबींतूनच मोठीं माणसें घडतात’ असा बोध कृपा करून कोणीं काढूं नये. हात मोजावे. एक आजी, एक जाणता शिक्षक, एक वसतिगृहाची शाळा. एवढे हात लाभले म्हणून एक मूल तरलें. ज्यांस ते लाभत नाहींत, त्यांचीं नांवें आपल्या कानीं येत नाहींत.

असे हात पुरविणें म्हणजेच सार्वजनिक आरोग्य. अंगणवाडी, आशा कार्यकर्ती, आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी २०१५ ची अमृत आहार योजना, हे सारे तसलेच हात आहेत. एक पालक असलेल्या मुलांसाठीं राज्याची बालसंगोपन योजनाहि आहे. तींत मुलामागें दरमहा २,२५० रुपये ठरलेले आहेत. पण तेथवर पोंचावयास कागद लागतात. विधवेजवळ पतीच्या मृत्यूचा दाखला तरी असतो. नवऱ्यानें टाकलेल्या स्त्रीनें काय दाखवावें? तो अर्ज भरून देणारें एक शहाणें माणूस, हेंहि कधीं कधीं औषधाइतकेंच मोलाचें ठरतें.

आपण एकत्र कुटुंबांतल्यांनीं फार अभिमान मात्र बाळगूं नये. आपल्या आजी-पणजींच्या काळीं विधवा भावजयीचें मूल पोटभर जेवे, पण तें कोणाच्या उपकारावर जेवतें, हें त्यास विसरूं दिलें जात नसे. महर्षि कर्व्यांना १८९६ सालीं अनाथबालिकाश्रम काढावा लागला, तो अशाच भरल्या घरांतील स्त्रियांसाठीं.

नंदुरबार दूर आहे. पण एकखांबी घर दूर नाहीं. आपल्याकडे धुणेंभांडीं करावयास येणाऱ्या बाई कदाचित् त्यांतल्याच असतील. त्यांच्या मुलास ताप आला त्या दिवसाचा पगार कापूं नये, लसीची तारीख विचारावी, अर्ज भरून द्यावा. खांब एकच असला, तरी चार ठिकाणांहून टेकू मिळाला तर घर उभें राहतें.