दुकानात उभे असलेले भांडवल

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारख्या गावाला पेरणीयंत्र हवे असते ते मृगाच्या पावसानंतरच्या मोजक्या दिवसांत. पैसा मात्र हाती येतो तो कापूस विकल्यावर, दिवाळीच्या पुढेमागे. या दोन टोकांमधले अंतर भरून काढणे, हाच शेती-अवजारांच्या विक्रेत्याचा खरा धंदा होय.

आम्हां शहरवासीयांना दुकानापुढची रंगीत यंत्रे दिसतात. त्यांवर चढणारे व्याज दिसत नाही. समजा, द.सा.द.शे. 12 दराने कर्ज काढून 1 लाखाचे यंत्र आणले आणि ते 6 महिने पडून राहिले, तर नफ्यातले 6,000 रुपये गेलेच! पाऊस रुसला, तर ते पुढच्या खरिपापर्यंत तसेच उभे. सरकारी अनुदानही शेतकऱ्याच्या खात्यात जमा होते ते खरेदीनंतर, तोवर उधारी.

म्हणून शहाणा विक्रेता मोठी यंत्रे मागणी पाहूनच मागवतो. फाळ, बेअरिंग, बेल्ट असे नित्य खपणारे सुटे भाग मात्र भरपूर ठेवतो. त्यांतला पैसा लवकर फिरतो.

उधार देण्याला आपण माणुसकी म्हणतो. ती वेळेवर फेडणे हीही माणुसकीच नव्हे काय? कारण विक्रेत्याची रोकड अडकली आणि ऐन पेरणीत एखादा किरकोळ भाग मिळाला नाही, तर वाफसा कोणासाठी थांबत नाही.